आठ युनिटचा स्टॉपर

४ जाने.
स्वतःच्या हातांनी केलेलं, कुणाचंही ड्रॉइंग न बघता: लेथचा टूलपोस्ट. गणपतीचं घडीचं मखर. सुनीताच्या सोऱ्याच्या चार चकत्या. इराच्या टेलिस्कोपचा स्टँड. पंपांचे बुश किती, गणती नाही. आता एक स्टॉपर करायचाय, पितळेचा, बोटाच्या पेराएवढा.
इथे आखातात माझ्यासोबत वर्कशॉपमध्ये असलेल्या दिलबहादूरची मुलगी सरिता, आठ वर्षांची, तिकडे नेपाळात. रोज इन्सुलिन. आईला आकडे वाचता येत नाहीत, सिरिंजवरच्या बारीक रेघा तर दिसतच नाहीत. "कभी ज़्यादा, कभी कम, दाइ." मला दाइ म्हणतो, म्हणजे दादा. परवा पोर शाळेत चक्कर येऊन पडली. तिथून दवाखाना म्हणजे अर्धा दिवस.
डोस तिथल्या डॉक्टरांनी ठरवलेला. सकाळी आठ युनिट, संध्याकाळी पाच.

९ जाने.
सोपं आहे. बाटलीतून जास्त ओढायचं, दांड्यावर स्टॉपर अडकवायचा, अडेपर्यंत बाटलीतच परत दाबायचं. राहील ते आठ. आठाचा गोल, पाचाचा चौकोनी. हाताला कळेल.
बिल्डिंगखालच्या फार्मसीतून सिरिंज आणल्या. केसभर चुकले म्हणून तीन स्टॉपर भंगारात टाकले. इरा: "बाबा, नोबडी विल नोटिस." सरिताच्या रक्ताला कळेल म्हटलं.
पाठ दुखतेय.

१४ जाने.
दिलबहादूरचा (दि.ब.चा) भाऊ काठमांडूला निघाला, त्याच्या बॅगेत दिले. सुनीताने तिळाचे लाडूही कोंबले.
"अगं, त्या मुलीला डायबेटिस आहे."
"मग आईने खावेत की! तिला कोण देतं?"

२२ जाने.
तिथल्या डॉक्टरांनी स्टॉपर वापरू दिला नाही.
इथली सिरिंज नारिंगी टोपणाची, शंभरची, म्हणजे एका मिलिलिटरला शंभर युनिट. सरिताला मिळते ती लाल टोपणाची, चाळीसची. औषधही तसंच पातळ. माझ्या स्टॉपरने पोरीला निम्म्याहून कमी गेलं असतं. डॉक्टरांनी बघितलं म्हणून टळलं.
कॅलिपर लावून केस मोजत बसलो. तिकडे कुठली सिरिंज मिळते, एवढं विचारलं नाही. मुंबईच्या मावशीची सिरिंजही लाल टोपणाचीच होती. डोळ्यांसमोर होती.

२३ जाने.
दि.ब. चहाला आला.
"दाइ, उधर का सिरिंज मँगवाऊँ?"
"दहा मागव. आणि डॉक्टरांना विचारून. मला नको विचारू."
हसला. मला नाही आलं हसू.

६ फेब्रु.
लाल सिरिंज आल्या. दांडा वेगळा, नळी वेगळी. शून्यापासून सगळं. शिवाय डॉक्टरांचा निरोप: सकाळचा डोस आता नऊ. पोर वाढतेय. हे पण सुचलं नव्हतं.
म्हणजे एक जोडी करून भागणार नाही. तीनपासून पंधरापर्यंत सगळा संच डॉक्टरांकडे ठेवायचा. त्या दिवशी लागतील ते दोनच आईकडे द्यायचे. डॉक्टर म्हणाले, अशी आणखी पोरं आहेत त्यांच्याकडे.
किती, ते विचारायला धजलो नाही. मुसफ्फातल्या वर्कशॉपमधून घरी येईतो डोळे मिटतात.

१६ फेब्रु.
संच गेला. सुनीताने या वेळी शेंगदाणे दिले, बिनगुळाचे.
मंडळाच्या हळदीकुंकवाला गेलो होतो. सिलिकॉन ओएसिसमधला स्टार्टअपवाला जोशी भेटला, इराहून दहाएक वर्षांनी मोठा. इराच्या फोनमधले फोटो बघून म्हणाला, "काका, ब्रिलियंट!" प्लॅस्टिकमध्ये काढतो म्हणाला, सोबत ॲप.
"लाल सिरिंजचा पण काढशील ना?"
"लालला मार्केट नाही, काका."

२५ फेब्रु.
डॉक्टरांचा फोन नाही. डोंगरात नेटवर्क नसतं, दि.ब. म्हणतो. तरी दर तासाला फोन बघतो. मीही.
जोशी कागद घेऊन घरी आला. डिझाइन त्यांच्या कंपनीचं, नंतर मी कुणासाठीही, कुठल्याही सिरिंजचा, एकही करायचा नाही. सुनीता चहाचे कप उचलायच्या निमित्ताने तिथेच उभी. इराची कॉलेजची फी सप्टेंबरात.
साठ हजार दिरहम. आपले चौदा लाखांच्या आसपास. मी नाही म्हटलं.