सासूबाईंचा आवाज बरोबर आल्याबद्दल

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त नुसती मान लववून.) तुमचा गुडघा कसा आहे? त्याच्याबद्दल मामी तुमच्यापेक्षा खरं सांगतात, म्हणून उत्तर त्यांनीच लिहावं. इकडे सर्व क्षेम आहे, सासरे माझ्याशी बोलत नाहीत एवढं सोडून.

त्याचं असं झालं. मी जुन्या बाजारातून एक रेकॉर्ड प्लेअर आणला. सासऱ्यांपाशी सासूबाईंच्या गाण्याची एकच रेकॉर्ड आहे, लग्नाआधी गायनशाळेने एका कार्यक्रमात काढलेली. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. रेकॉर्ड लावली आणि सासरे खुर्चीच्या कडेवर सरकले. "अगदी अशीच गायली होती! दुसऱ्या कडव्याला आवाज थरथरतो ना? मी पहिल्या रांगेत बसलो होतो म्हणून." तेव्हापासून रोज दुपारी चहाआधी हा कार्यक्रम.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मला यंत्राची चाल जलद वाटली. वेग तपासायची कागदी चकती आणून वर ठेवली (दिव्याखाली तिच्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर), तर रेघा पळत होत्या, मध्येच अडखळून पुन्हा पळत होत्या. तुम्ही फोनवर म्हणालात, "चाललंय ना? मग हात लावू नकोस." (हेच गिऱ्हाइकांना सांगितलं असतंत, तर तुमचं दुरुस्तीचं दुकान दोन महिनेही चाललं नसतं.) मी हात लावला.

मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट बाहेर काढलं. त्यावरचा एक कपॅसिटर फुगला होता. नवा मी उलटा बसवला. तो फटकन फुटला. तुमच्या भाचेसूनबाईंनी आधी मेन स्विच बंद केला आणि मग माझ्या शिक्षणाची चौकशी केली. दुसरा बसवताना मोटरच्या तारांची अदलाबदल झाली आणि तबकडी उलटी फिरू लागली. चौथ्या दिवशी मात्र रेघा जागच्या जागी उभ्या. घाई नाही, कंप नाही. मी सगळ्यांना बोलावून रेकॉर्ड लावली.

सासूबाई संथ, भरदार आणि अगदी निर्धास्त आवाजात गायल्या. सासऱ्यांनी दुसरं कडवं संपेपर्यंत ऐकलं, मग लेकीला विचारलं, "ही कोण बाई?" आणि उठून गेले. मी स्क्रू पिळून वेग वाढवला, तर दाराआडून निकाल आला, "आता घाईत आहे. पण घाबरलेली नाही." आज आठवा दिवस. दुपारचा चहा ते आतल्या खोलीत घेतात. ती थरथर मोटरची होती, हे त्यांना सांगायची माझी छाती नाही.

आपला (एक वेळ सोडून) आज्ञाधारक भाचा

ता. क. चांगला कपॅसिटर बेताने कसा बिघडवावा? जुना मी कचऱ्यात टाकला. दुरुस्ती मला जमते, पण हे काम मोठं आहे. आई सांगते, तुम्ही दुरुस्त केलेला आमचा पंखा पुढे अकरा वर्षं थरथरत होता. मामा, तोच हात हवा आहे. रविवारी या.

आणखी एक. तुम्ही यंत्र बघायला येताय हे सासऱ्यांच्या कानावर घातलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला काही विचारलं, "तिला पुन्हा घाबरवता येईल ना त्यांना?" मी तुमच्या वतीने हो म्हटलं आहे.