उजव्या कौलाचा एसी

आणि काका, मी फोनवर इतकं समजावलं तरी तुमचं आपलं तेच, की मशीननेच घात केला. फोनवर तुमच्यापुढे माझं चालत नाही (तुम्ही मध्येच फोन काकीच्या हातात देता आणि काकी मी जेवलो का ते विचारते), म्हणून लिहून पाठवतो. मस्कतहून सर्वेशचा तुमच्या नि काकीच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा कसा आहे? माझी तब्येत हॉटेलच्या लाँड्रीत राहावी तशी आहे. लोकांच्या चादरींना इस्त्री करता करता आपणच सुकत चाललोय, बाकी ठीक.

घरामागच्या त्या चार खोल्या मी कशासाठी बांधल्या? कुणकेश्वरला येणारा माणूस आपल्याकडे उतरावा, खोल्या भरत राहाव्यात आणि मी इथून सुटून घरी यावं. दुसरं काही कारण नव्हतं. आता रस्त्यावरची पाटी बघून कोण येत नाही, सगळे मोबाईल बघून येतात. म्हणून माझ्यासोबत राहणाऱ्या वेंगुर्ल्याच्या नेव्हिलने (शिकलेला आहे, तरी लाँड्रीतच आहे, यावरून शिक्षणाबद्दल माझं मत काय ते समजून घ्या) तो एआय एजंट लावून दिला. एजंट म्हणजे माणूस नव्हे. मोबाईलवरची जाहिरात आपणच लिहिणारा, ती कोल्हापूरवाल्यांना दाखवू की बेळगाववाल्यांना ते ठरवणारा प्रोग्रॅम. मला भीती होती की हा आपलं खातं धुऊन नेईल. तर नेव्हिलने त्याला दावं बांधलं. दिवसाला तीनशेच्या वर जायचं नाही, आणि खर्च वाढवायचा किंवा खोल्यांबद्दल काही नवीन लिहायचं तर घरच्या माणसाला विचारल्याशिवाय नाही. आमचे फोन कामावर गेटवरच काढून घेतात, कार्ड तुमचं, आणि खोल्यांसमोर खुर्ची टाकून तुम्ही बसलेले. म्हणून घरचा माणूस तुम्ही. होय किंवा नाही, एक बटण दाबायचं. एवढंच काम होतं, काका.

दिवाळीत त्याने विचारलं, गर्दी आहे, तीनशेचे पाचशे करू का. तुम्ही म्हणालात, "देवाक इचारून सांगतंय." सोमवारी देवळात गेलात, बाळा गुरवाकडून कौल लावलात, उजवी कळी पडली म्हणजे देवाचा होकार, घरी येऊन होय दाबलंत. तोवर गर्दी शेजारच्या गंगारामाकडे मासे खाऊन परतसुद्धा गेली होती. तेही मी गिळलं. पैशाचा प्रश्न आहे, विचारलं असेल देवाला.

पण पुढचा प्रश्न पैशाचा नव्हता. त्याने विचारलं होतं, "इतर घरांच्या जाहिरातीत एसी लिहिलेला आहे. आपल्या खोल्यांत एसी आहे का? खात्री झाल्याशिवाय मी लिहिणार नाही." काका, मान वर केली असती तर पंखा दिसला असता. तुम्ही देवळात गेलात. गुरवाने गाऱ्हाणं घातलं (काकीने सगळं सांगितलंय मला), "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या खोलयेत एसी आसा काय नाय, ह्येचो निवाडो कर," आणि मागून चारचौघे "व्हय म्हाराजा". देव तरी काय करणार, त्याने उजवा दिला. तुम्ही होय दाबलंत आणि जाहिरातीत एसी आला.

मग कोल्हापूरचं ते कुटुंब आलं. त्यांनी एसी कुठे विचारल्यावर तुम्ही सांगितलंत, "येतलो. देवान उजवो दिल्यान हा." ते रात्रभर गाडीत एसी लावून झोपले, आणि सकाळी पैसे परत मागितले तर त्यालाही तुम्ही सोमवारचा वायदा दिलात. मोबाईलवर पाचातला एक तारा देऊन गेले. मग एजंटने स्वतःहून सगळ्या जाहिराती थांबवल्या आणि लिहिलं, "पाहुण्यांची तक्रार आणि मला दिलेली माहिती जुळत नाही. माणसाने खोली बघून कळवावे." सगळ्या भानगडीत खोली बघायला सांगणारा तो एकटा. आणि घात त्याने केला म्हणता.

शिवरात्र तोंडावर आली, खोल्या रिकाम्या आहेत, नि तुम्ही पुन्हा सोमवारची वाट बघताय. देवावर टाकलं की तुमच्या अंगाला काही लागत नाही, हे मला काही आजच कळलेलं नाही. मी मस्कतला जाऊ का विचारलं तेव्हाही तुम्ही देवळात गेलात. मी बाहेर चपलांजवळ उभा होतो. आईबाबांमागे तुम्हीच वाढवलंत, मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, जा किंवा नको जाऊ. तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, "उजवो पडलो," आणि माझी बॅग उचललीत.

तुमचा,
सर्वेश

ता. क. – यापुढे एजंट काकीला विचारील, तसं नेव्हिलने करून टाकलंय. काकीने आजवर कुणाला पटकन होय म्हटल्याचं मला आठवत नाही. नेव्हिल म्हणतो, असंच माणूस लागतं.

ता. क. – मे महिन्यात माझा करार संपतो. परत येऊ का? देवळात जाऊ नका. तुम्हाला मी घरात हवा की नको, ते तुम्ही सांगा. नको असेन तरी चालेल, पण तुम्ही सांगा.

ता. क. – त्या चारांपैकी समोरच्या खोलीत एसी बसवून घ्या आणि फोटो काकीला पाठवायला सांगा, म्हणजे जाहिरात चालू होईल. देवाला खोटं पाडणं बरं नाही. तिकिटासाठी बाजूला ठेवले होते तेच पाठवतोय, बत्तीस हजार रुपये.