मागच्या खोलीपर्यंत वायर

ती. ताईस,

नमस्कार. कागदावरून पाठवतोय, म्हणजे तो फोनवरच्यासारखा हात अर्धवट वर नि डोळे मिटलेले असा मध्येच अडकणार नाही. तुझी पाठ कशी आहे? भावोजींची पथ्यं चालू आहेत की फक्त सांगण्यापुरती? इकडे मी ठीक, ही ठीक, आणि बाबा पडल्यापासून जसे आहेत तसे आहेत. तुझा निरोप मिळाला. दर रविवारी तू फोन लावतेस, बाबा दोन वाक्यं बोलतात आणि चित्र गोठतं. एकदा धड बघायला मिळाले तर रजा काढून यायचं की नाही ते ठरवता येईल, असं तुझं म्हणणं. ते रास्त आहे. पण त्याखाली भावोजींची पुस्ती, की आता हौस पुरे झाली, कंपनीचा माणूस बोलवा, ती मात्र जिव्हारी लागली.

ताई, कंपनीचा माणूस काय करतो ते मी पाहिलंय. तो दारातच चपला न काढता उभा राहतो, राउटर बंद करतो, चालू करतो, सही घेतो आणि जातो. बंद करून चालू करणं हा उपचार नव्हे, ती टाळाटाळ आहे. (तुमच्याकडचा राउटर चपलांच्या कपाटात ठेवलाय, तोही अशाच एका महाभागाने. मी आलो होतो तेव्हा पाहिलं आणि भावोजींच्या भिडेखातर गप्प बसलो. आजच बाहेर काढा. उंचावर, मोकळ्यावर ठेवा. आरशाजवळ नको, फ्रीजवर तर मुळीच नको.) आमच्या घरात प्रत्येक यंत्राला स्वतःचा कायमचा पत्ता नेमून दिलेला आहे. ही म्हणते, या घरात माणसांना पाय ठेवायला जागा नाही आणि यंत्रांना पत्ते आहेत. बोलायची पद्धत असते एकेकाची.

तर बाबांची खोली पडली घराच्या टोकाला. मध्ये दोन जाड भिंती आणि आईचं लोखंडी कपाट, जे वायफायचा जीव घेतं. राउटर हलवायचा तर मी जिवापाड जपून बांधलेल्या सगळ्या वायरी उकलाव्या लागल्या असत्या, म्हणून मी बाबांना हलवलं. खाट बोळात आणली, न्हाणीघराच्या दाराशी, जिथे सिग्नल अगदी भरून येतो. अडचण एवढीच झाली की न्हाणीघरात जाणारा प्रत्येक माणूस बाबांच्या पायांना वळसा घालून जाऊ लागला, आणि जन्मभर कापडदुकानात काम केलेले आपले बाबा प्रत्येकाला म्हणू लागले, "बसा, काय दाखवू?" मी दात घासायला गेलो तरी "बसा, काय दाखवू?" आम्ही हसलो. नंतर मला हसू येईना. शेवटी हिने कंबर कसली. "माणूस आहे तो. पंखा आहे का, वारा लागेल तिथे नेऊन ठेवायला?" असं मला सुनावून तिने शेजारच्या सुताराला हाक मारली आणि खाट परत मागच्या खोलीत नेली.

माझा साधा नियम आहे, तूही लक्षात ठेव. जी वस्तू जागची हलते तिला वायफाय द्यावं, जी हलत नाही तिच्यापर्यंत वायर न्यावी. बाबा आता हलत नाहीत. तेव्हा वायरच न्यायची ठरलं. (हे मी हिच्यासमोर याच शब्दांत बोललो आणि त्या दिवशी मला जेवण वाढायला कोणी उठलं नाही.) ड्रिल आणलं, भिंत ठोकून ठोकून पोकळ जागा शोधली आणि बरोबर पाण्याच्या नळीत भोक पाडलं. फवारा थेट बाबांच्या गादीवर. मी बोटाने भोक दाबून उभा, ही मुख्य कॉक शोधत धावतेय, आणि बाबा हसतायत. पडल्यापासून ते तोंडाच्या एकाच बाजूने हसतात, पण हसले. नंतर प्लंबर आला आणि माझ्या ड्रिलकडे असा बघत राहिला की मी ते पाठीमागे धरलं.

आता वायर पोहोचली आहे. खाटेशेजारच्या भिंतीवर ब्रॅकेट ठोकून वायफायची छोटी डबी लावली. मध्यंतरी बाबांच्या अंगातलं पाणी कमी झालं होतं (घाबरू नकोस), तर दिवसा येणाऱ्या नर्सबाईंनी त्याच ब्रॅकेटवर सलाइनची बाटली टांगली. मी म्हटलं, बाई, विजेच्या डोक्यावर पाणी ठेवू नये. त्या म्हणाल्या, मग तुमची वीज हलवा. मी हलवली.

एवढं करूनही रविवारी फोन तुटतोच. दोष कदाचित तुमच्या बाजूला असेल. चपलांच्या कपाटाचं तेवढं बघ. भावोजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. कपाटाचं राहू दे. दोष तुमच्या बाजूला नाही. आमच्याही बाजूला नाही. डबीची विजेची वायर खाटेखालच्या बोर्डात लावली आहे आणि त्या बोर्डाचं बटण माझ्या पायाच्या अंगठ्याखाली असतं. दोन वाक्यं बाबा आदल्या दिवसापासून घोकून ठेवतात. ती संपली की पुढचे शब्द सापडत नाहीत, सापडले तर भलतेच सापडतात, आणि ते त्यांना कळतं. मग ते चष्मा काढतात. ती आमची खूण आहे. पोरीसमोर शोभा नको, असं त्यांनी मला फार कष्टाने सांगितलं होतं. मी अंगठा दाबतो आणि तुझ्या शिव्या खातो.

आणखी एक ता. क. भावोजींना फक्त एवढं सांग की माझं नेटवर्क शाबूत आहे, कधीच तुटलं नव्हतं. बाकीचं सांगू नकोस. बाबांना तर अजिबात कळू देऊ नकोस की मी बोललो. फोनवर बघून काही ठरवू नकोस, तू निघ. आलीस की तेच तुला विचारतील, काय दाखवू. तेव्हा बस. काहीतरी माग.

शेवटचं. काल त्यांनी चष्मा काढला. फोन लावलेला नव्हता. समोर मी एकटाच बसलो होतो. सवयीने मी अंगठा दाबला, डबीवरचा दिवा गेला, आणि तरी मी त्यांना दिसतच राहिलो. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ताई, मला हे एकट्याला होत नाही. ये.