हत्तीचं तोंड माझ्याकडे

१४ जून २००२

आजपासून सूड. वही आमच्या लेकीच्या, ऋतुजाच्या गेल्या वर्षीच्या केमिस्ट्रीची आहे, मागची पानं कोरी होती. वरती 'श्री' लिहिलं आणि खाली 'जाहिदा'.

झालं असं. आमच्या बायकांच्या गटात लोकरीची खेळणी होतात. हत्ती, ससे, अस्वलं. क्रोशानं विणायची, आत कापूस भरायचा आणि ट्यूशन एरियात शिवमूर्तींच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात विकायला ठेवायची. आज मी विणलेला हत्तीचा कान समोरच्या घरातल्या जाहिदानं सगळ्यांसमोर हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि सर्रकन उसवला. वर गोड आवाजात म्हणते, "भाभी, कानाचं मी बघते. तुमी तोंडाचं बघा."

बायका हसल्या. का हसल्या ते मला कळतं.

म्हणजे आता माझ्याकडे तोंडाचं खातं. डोळे, भुवया, ओठ दोऱ्यानं भरायचे. मणी, टिकल्या, रिबिनी लावायच्या. विणणार ती, कापूस भरणार ती, पायाला चिठ्ठी तिच्या नावाची. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर संस्थेच्या बाई पत्र्याच्या शेडात क्रोशा शिकवायला आल्या तेव्हा आम्ही दोघी एकाच सतरंजीवर बसून शिकलो. साखळी माझी सरळ यायची, कौतुक तिचं व्हायचं. त्या बाई पार्शल होत्या.

१५ जून

जाहिदाशी अबोला. तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. ती विणलेली रिकामी खेळणी दुकानात ठेवील, मी उचलून आणीन, तोंडं भरून दुकानातच टाकीन. तिथून तिनं न्यावीत आणि कापूस भरत बसावं. शिवमूर्ती म्हणाले, "तुमची घरं समोरासमोर हायत, आन् माल सगळं लातूर फिरून येणार का?"

येणार.

२१ जून

ऋतुजाचं बारावीचं वर्ष. ही पोरगी क्लासमधून आली की दप्तर टाकते आणि समोर जाहिदाकडे अभ्यासाला पळते. तिथं शांत असतं म्हणे. आमच्याकडे काय बँड वाजतो? मी फक्त विचारते, टेस्ट झाली का, किती पडले, पहिली कोण आली, तिला किती. एवढं आईनं विचारू नये?

जाहिदाला 'खाला' म्हणते. खाला म्हणजे मावशी. माझी सख्खी बहीण देवणीला आहे, तिच्याशी फोनवर नुसतं 'हं, हं' करते.

हे सगळं भूकंपापासूनचं आहे. आमच्या भिंतीला तडा गेला म्हणून आम्ही तिच्या अंगणात झोपत होतो. जमीन जरा हलली की पोरगी माझ्या शेजारून उठून जाहिदाच्या गोधडीत शिरायची. मला तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. लोकांची घरं पडत होती आणि ही बाई माझी पोर पळवत होती.

२ जुलै

सुचलं! चिठ्ठीवर नाव तिचं आहे ना? मग तोंडं अशी भरायची की लेकरानं बघताच किंचाळावं. शिवमूर्ती माल परत करतील, नाव तिचं जाईल. माझ्यावर शिंतोडा नाही. साप भी मरे, लाठी भी न टूटे. एवढी अक्कल असताना मी गटाची अध्यक्ष का नाही, हे एक कोडंच आहे.

९ जुलै

पहिला हत्ती. भुवया आत उतरत्या, मारक्या. डोळे बारीक. ओठ विळ्यासारखा वाकडा, काळ्या रेशमाचा दुहेरी साखळी टाका. रिकामा हत्ती पाटावर सपाट पसरला आणि लांबून बघितला. स्वतःच दचकले.

आमच्या यांनी चहा पिता पिता बघितला. म्हणाले, हे आमचे ऑफिसातले साहेब का?

समाधान वाटलं. दुपारी छान झोप लागली.

२५ जुलै

तक्रार नाही. शिवमूर्तींनी उलट आणखी मागितलेत. त्यांना मोतीबिंदू झाला असणार. वयच आहे त्यांचं.

सौम्य वागून चालत नाही. आता सजावटीतून सूड. प्रत्येक हत्तीच्या डाव्या डोळ्याखाली एकेक काचेचा मणी शिवला. चामखीळ. सशांनाही लावली. चामखीळवाला ससा कोण घेईल?

६ ऑगस्ट

घेतात. शिवमूर्तींच्या दुकानात म्हणे पोरं-पोरी गर्दी करायलीत. भोकरची, देवणीची, शिरूर अनंतपाळची, सगळी खोल्या करून राहणारी. गाईड घ्यायला येतात आणि हत्ती घेऊन जातात. फिजिक्सनं डोकं काम करेनासं होतं हे मी ऐकून होते.

ऋतुजा जेवताना म्हणाली, खालाच्या हत्तींचं सगळ्या क्लासमध्ये नाव झालंय. मी तिला म्हटलं, वरण घे. भाजीत मीठ जास्त झालं होतं.

१६ ऑगस्ट

शत्रूचा माल स्वतः तपासायचा असतो. डोक्यावरून पदर घट्ट घेतला आणि दुकानात गेले. शिवमूर्ती म्हणाले, "या काकू, पदर कशापायी?" लक्ष दिलं नाही.

फळीवर हत्ती मांडले होते. माझेच. पण माझे नव्हते! मी सपाट लोकरीवर तोंड भरते, आणि ही बाई नंतर आत कापूस ठासते. गाल फुगले की सगळं ओढलं जातं. मारक्या भुवयांची आतली टोकं वर चढलेली. बारीक डोळे ताणून मोठे झालेले. विळ्यासारखा ओठ, तो खाली येऊन असा थरथरल्यासारखा दिसतो की आता रडेल, मग रडेल. आणि माझी चामखीळ! ती टपोरा आसू होऊन गालावर बसलेली.

एक किडकिडीत मुलगी हत्ती छातीशी धरून उभी होती. मैत्रिणीला म्हणत होती, ह्याचंबी घर लांब दिसतं.

तोंड नेहमी कापूस भरल्यावर काढतात. शेडातल्या बाईंनी सांगितलं होतं ते आज आठवलं. पण भरल्यावर काढायचं तर जाहिदाच्या अंगणात बसावं लागतं. म्हणजे चूक कुणाची? तिचीच.

१७ ऑगस्ट

डोकं शांत ठेवून विचार केला. रडकी खपतात ना? मग हसरी करायची. खप बंद. जाहिदा पडली तोंडावर.

सगळी पोतडी हसरी भरली. लाल ओठ, गालाला टिकल्या, गळ्यात सोनेरी रिबीन. मनातून इतकी चिडलेली असताना एवढं हसू काढणं सोपं नाही. कला आहे माझ्याकडे, हे मान्य करावं लागेल.

५ सप्टेंबर

विजय! एकही हसरा खपला नाही. कापूस भरल्यावर ओठ या कानापासून त्या कानापर्यंत ताणले, क्लासच्या जाहिरातीच्या बोर्डावरच्या सरांसारखे. भोकरचा एक पोरगा शिवमूर्तींना म्हणाला, हा हत्ती मला किती पडले विचारायलाय असं वाटतंय.

विजय झाला, पण सगळी पोतडी जाहिदाऐवजी माझ्याच दारात आली. सोबत तिचा निरोप. हे हसणारे भाभीच्या हातचे वाटत नाहीत, भाभीला बरं नाही का, म्हणे. आणि डब्यात खिचडा.

खिचड्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. यांनी खाल्ला. मग फुकट जाऊ नये म्हणून मीही खाल्ला.

३० सप्टेंबर

परत रडकी भरायला घेतली. गटाच्या अब्रूखातर. ज्यांची कामं चालतात त्या बायकांचा काय दोष? सूड सोडलेला नाही, फक्त पुढं ढकललाय. ऋतुजाची परीक्षा होईपर्यंत.

आज भूकंपाची तारीख. संध्याकाळी समोर अंगणात जाहिदानं सतरंजी टाकली होती. दरवर्षी टाकते, शेजारपाजारच्या बायका येऊन बसतात. मी खिडकीतून बघितलं. ऋतुजा तिच्या खांद्याला टेकून बसली होती. खिडकी जरा जोरात लागली.

११ नोव्हेंबर

दिवाळीत खोल्यांवरची पोरं गावाकडे गेली होती, ती हत्ती घेऊन परत आली म्हणे. शिवमूर्ती सांगत होते, जाहिदाबाईंच्या हातात जादू आहे. मी म्हटलं, तोंड माझं असतं. ते म्हणाले, "हाव काकू, तोंड तुमचं हायच की," आणि हसले. या गावात सरळ बोललेलं कुणाला कळत नाही.

१९ जानेवारी २००३

सराव परीक्षेचा निकाल. मी ठरवल्याप्रमाणे एकदाच विचारलं. मग परत एकदा, कारण पहिल्यांदा तिनं उत्तर दिलं नाही. मग फक्त पहिली कोण आली तेवढंच. ती ताटावरून उठून गेली.

पाठोपाठ गेले. पांघरुणात तोंड घालून पडली होती आणि पोटाशी हत्ती. माझा. डाव्या डोळ्याखाली चामखीळ.

म्हटलं, हा कुठून आला? म्हणाली, "खालानं दिला. हा काही विचारत न्हाई आई. नुसता माझ्याकडं बघतो, आन् ह्याला कळतं सगळं."

मी म्हटलं, त्याचं तोंड मी काढलंय.

"खालाबी तेच म्हणती," ती भिंतीकडे वळून म्हणाली. "ती कायम तुझीच बाजू घेती."

मी दिवा मालवून बाहेर आले. इतके महिने समोरच्या घरात बसून ती बाई माझी बाजू घेत होती. मला न विचारता. ज्यानं बाजू घेतली त्याचा सूड कसा घ्यायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही. फार अपमान वाटला. आणि नुसता अपमान वाटला असंही नाही.

२० जानेवारी

तोंड माझंच असतं हे सिद्ध करून दाखवायचंच. हसऱ्या हत्तींची पोतडी कपाटावर होती, त्यातला एक काढला. लाल ओठ उसवले आणि ऋतुजासमोर बसून तेच तोंड भरलं. तोच काळा दोरा, त्याच भुवया, तोच मणी.

पण हा आधीच कापूस भरलेला. काढलं तसंच राहिलं. मारक्या भुवया मारक्याच. चामखीळ ती चामखीळच.

ऋतुजानं बघितला. हत्तीचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं आणि बायोलॉजी उघडली.

आता रिकामा हत्ती पाहिजे. माझ्याकडचे तोंडं भरून गेले, दुकानात नवे आलेले नाहीत. रिकामे हत्ती लातुरात एकाच घरात आहेत.

२१ जानेवारी

दुपारी गेले. साखर संपली होती म्हणून. उंबऱ्यावर पाय ठेवला नाही, ओलांडला. तो वेगळा विषय आहे.

ऋतुजा आत पुस्तक घेऊन बसली होती. मला बघून उभीच राहिली. जाहिदा विणत होती. मी म्हटलं, एक रिकामा हत्ती दे. तिनं कशाला ते विचारलं नाही. सुई-दोरा पुढं सरकवला आणि सतरंजीवर जागा केली.

भरायला बसले. राग आणायचा प्रयत्न केला. उसवलेला कान आठवला, बायकांचं हसणं आठवलं. कानाचा राग फार वेळ टिकेना. मग अंगणातल्या त्या रात्री आठवल्या, शेजारची गोधडी रिकामी झाल्यावर मी नुसती पडून असायचे, त्या. हात आपोआप चालला. विळा, भुवया, मणी. सपाट हत्ती बघून ऋतुजा म्हणाली, हा तर मारका दिसतोय. मी म्हटलं, थांब.

जाहिदा कापूस भरू लागली. थोडा थोडा, बोटानं कोपऱ्यात सारत. गाल भरले, तसे डोळे उघडले. ओठ खाली आला. भुवया चढल्या. मणी गालावर येऊन बसला.

ऋतुजानं तो हातात घेतला. मग त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू ह्ये एवढे सगळे हत्ती रडत बसून केलेस का गं?"

मी म्हटलं, रडत कशाला करीन? राग आला होता. सूड घेत होते मी, जूनपासून, हिचा. सगळं सांगितलं. मुद्दाम वाईट काढली, खप बंद व्हावा म्हणून काढली, ती चामखीळ आहे, आसू नाही.

जाहिदानं दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "आसू देत भाभी, च्या पिऊन जावा."

ऋतुजा हत्ती घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. मी परत एकदा सांगितलं, की सूडच होता. कुणालाच पटलं नाही.