कृष्णातची पोपटी खुर्ची

कवठे महांकाळ,
२९ जुलै १९७४

तीर्थरूप केरबादाजी आणि मनुअक्का यांना धाकट्या आकारामचा दोन्ही हात जोडून नमस्कार. दाजी, आपल्या गुडघ्याला कराडच्या त्या नव्या तेलाने उतार पडला असेल असे धरून चालतो (नसेल पडला तर तेल बदलावे, गुडघा बदलता येत नाही). अक्काची म्हैस व्याली का, तेही कळवावे. इकडे पाऊस नेहमीसारखा तोंड दाखवून गेला. तात्यांची तब्येत ठणठणीत आहे, आमचे कुटुंब साळूबाई मजेत आहे, शाळा चालू आहे. तब्येत बिघडली आहे ती एकट्या माझी, आणि तिचे कारण म्हणजे आमच्या चुलतभावाच्या, कृष्णातच्या, ओसरीवरची एक वेताची खुर्ची.

आपल्याला कृष्णात माहीतच आहे. पंधरा वर्षे पलटणीत होता आणि तिथे लढाई कमी, ट्रकांना रंग देणे जास्त, असे त्याचे काम. पेन्शन घेऊन आला तो हात शिवशिवत. चैत्रात बाजारच्या दिवशी जुन्या सामानाच्या अल्लाबक्षकडून त्याने ही खुर्ची उचलली. बूड लोंबलेले, डाव्या हाताचा वेत उसवलेला, रंग म्हणाल तर धुराड्याचा. मी मनात म्हटले, बरे झाले, पलटणीतला माणूस फसला. पण त्या गृहस्थाने बुडावर कढत पाणी ओतून ती उन्हात ठेवली, तर संध्याकाळपर्यंत बूड ताठ! मग चार दिवस काचपेपरने घासत बसला. मग अस्तराचा हात, मग पोपटी रंगाचे दोन हात, कडांना लाल रेघ आणि पाठीवर पिवळे कमळ. कमळ जरा कोबीकडे झुकते (हे मी सगळ्यांना सांगून पाहिले, कुणी मनावर घेत नाही).

दाजी, तेव्हापासून आमच्या गल्लीला दुसरा विषय नाही. तलाठी आला की कृष्णातकडे टेकतो. गुरांचा डॉक्टर माझ्या गाईला तपासतो आणि चहा तिकडे पितो. माझ्या ओसरीवर कुपवाडहून आणलेल्या चार लोखंडी घडीच्या खुर्च्या आहेत, नव्या कोऱ्या, त्यांच्याकडे कुत्रे बघत नाही. वर कृष्णात चारचौघांत विचारतो, "आसली खुर्ची कुठल्या येड्यानं मोडीत घातली आसंल रं?" तेव्हा मला नेमके घरात काहीतरी काम निघते.

हेही मी गिळले असते. पण तात्या! आपले तात्या, माझे सख्खे वडील, पहिल्याच दिवशी तिकडे गेले, खुर्ची उलटी करून तिचे बूड बघितले (ढेकूण बघत असावेत असे मला वाटले), हसले आणि बसले. तेव्हापासून सकाळचा तासभर तिथेच. मी म्हटले, तात्या, आपल्या घरी खुर्च्या आहेत. तर म्हणाले, "त्या खुर्च्या न्हाईत, त्ये चाप हायत." मला हेवा वाटत नाही असे मी साळूबाईला सांगत असतो. आपल्याशी खोटे कशाला बोलू, वाटतो. जेवताना वाटतो, फळ्यावर गणित घालताना वाटतो.

शेवटी मीही अल्लाबक्षकडून एक वेताची खुर्ची आणली. कढत पाणी, काचपेपर वगैरे पलटणी चोचले मी केले नाहीत, सरळ रंगाला हात घातला. रंग घरात होताच, दुसऱ्या दिवशीच्या बेंदराच्या सणासाठी आणलेला, बैलांच्या शिंगांचा, एक डबा लाल आणि एक निळा. म्हटले, थोडासा घेऊ, उरलेल्यात बैलांचे भागेल. पण तो सुका वेत म्हणजे उन्हाळभर तहानलेला. लावावा तितका पितो. पाठ होईपर्यंत लाल संपला, पाय होईपर्यंत निळा. हातांना रंगच उरला नाही, म्हणून तिथे शिंगांची बेगड चिकटवली.

बेंदराच्या सकाळी गावात कुठल्याच दुकानात रंग शिल्लक नव्हता. कृष्णातकडे अर्धा डबा पोपटी होता, पण त्याच्यापुढे हात पसरण्यापेक्षा मी विहीर जवळ केली असती. तेव्हा अख्ख्या गावाची जनावरे नटून वेशीतून गेली आणि आमची जोडी बोडक्या शिंगांनी. कोंडीबा पाटील सगळ्यांदेखत ओरडले, "मास्तर, बैलं कशाला आणली? खुर्चीच मिरवायची व्हती!" तात्यांनी ते बैल वासरे असल्यापासून वाढवलेले. घरी येऊन त्यांनी पुरणपोळीला हात लावला नाही. पटका बांधला आणि कृष्णातच्या खुर्चीत जाऊन बसले. आज तीन आठवडे झाले, जेवायला आणि निजायला येतात, माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या रंगीत खुर्चीचे बूड मी बसल्याबरोबर गेले. आता त्या भोकात कोंबडी अंडी घालते. असो. लोभ आहेच, तो गुडघ्याइतकाच सांभाळावा.

आपला,
आकाराम

ता. क. येत्या रविवारी सहज म्हणून यावे. कृष्णातच्या ओसरीसमोर थबकून, "अरे, ही तर माझी खुर्ची!" असे मोठ्याने म्हणावे. कारण ती आपलीच आहे. तात्यांच्या कमरेसाठी आपण कराडच्या लिलावातून घेऊन पाठवलेली. तिला वाळवी लागली असे मी कळवले होते, ते खरे नव्हे. दिवाळीत लोखंडी खुर्च्या आल्यावर मला तिची लाज वाटली आणि अल्लाबक्षला देऊन मी बादली घेतली. देणाऱ्याने शब्द टाकला तर कृष्णात नाही म्हणणार नाही, आणि खुर्चीमागे तात्याही परत येतील. माझे नाव मध्ये येऊ देऊ नये. बादली चांगली आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार इतक्यात कृष्णातच्या ओसरीवरून तात्यांनी हाक मारली. तीन आठवड्यांत पहिली. वरचे काही करू नये. त्यांनी खुर्ची उलटी करून दाखवली. बुडाखाली एक सुतळीची गाठ, दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मारलेली. म्हणाले, "रंग दिला म्हून मानूस आपली गाठ वळखत न्हाई व्हय? पैल्या दिशीच वळखली. तू टाकलीस, त्यानं उचलली. आता मागायची न्हाई. तुला माझ्यापाशी बसायचं आसंल तर हितं येऊन बस." कृष्णात ऐकत होता. त्याने आत जाऊन चहाला एक कप वाढवायला सांगितले.

तेव्हा या ओळी त्याच्याच ओसरीवर, तात्यांच्या शेजारी बसून लिहितो आहे. चहा आमच्यापेक्षा चांगला असतो, हे मला आजवर कुणी सांगितले नव्हते. पोपटी खुर्चीत अर्थात तात्या आहेत. मला बसायला घरून लोखंडी आणायला लावली.