जागा कोण फोडतं

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज सकाळी आमच्या बोटीवरच्या प्रज्योतचा मोबाइल उघडून पाहिला. तो पडवीत जाळं शिवत होता, मोबाइल आत चार्जिंगला. पासवर्ड सोपा — बोटीचं नाव. आमच्याकडे सगळ्यांचा तोच. काही सापडलं नाही. म्हणजे पुसलं असणार.

धाकटा भाऊ दिपेश जिथे जाळं टाकायला जातो, तिथे गावातल्या वेणूबाईच्या मुलाची बोट आधीच उभी. महिनाभर हेच. उद्याची जागा दिपेश आदल्या संध्याकाळी मला सांगतो, आणि खलाशांपैकी फक्त प्रज्योतला. मी तर सांगणार नाही. मग राहिला कोण?

१६ नोव्हेंबर, रविवार
मांडव्याहून लाँच, मग विद्यापीठ. मी कामाला असतो त्या जहाजांच्या यार्डातल्या साहेबांनी कॉम्प्युटर सुरक्षेच्या कोर्सला घातलंय. वर्गात माझ्या वयाचं कोणी नाही. आज विषय माहितीची गळती. विनिता मॅडम म्हणाल्या, "आधी माणूस पकडू नका, काका. माहिती कुठून कुठे जाते त्याचे बाण काढा. प्रत्येक ठिकाणी विचारा — इथे कोण ऐकतंय?"
लिहून घेतलं. डोक्यात प्रज्योतच.

१७ नोव्हेंबर
दिपेशला सांगितलं. त्याने प्रज्योतला बोटीवरून उतरवलं. जाताना तो एवढंच बोलला — "दादा, शिकायला तुमी जाताय नि चोर मी व्हय?"


२० नोव्हेंबर, गुरुवार
प्रज्योत नाही, तरी वेणूबाईची बोट आधी हजर. दिपेश चिडलाय. "आता कोणाला उतरवू? इंजिनाला?" त्याचा मोबाइल तपासला, माझाही. स्वच्छ. भावजय चहा घेऊन आली तर तिच्याकडेही संशयाने बघितलं. ही विद्या माणसाचं असं करते का?

२२ नोव्हेंबर, शनिवार
शेवटी बाण काढायला बसलो. दिपेशकडून मी. माझ्याकडून — पेन थांबलं. माझ्याकडून देवी.
रोज देवळात आरतीनंतर मी गाऱ्हाणं घालतो. वडील घालायचे तसं, खड्या आवाजात — आई, उद्या दिपेश खांदेरीच्या पश्चिमेला, बारा वाव खोल पाण्यात जातोय, त्याला सांभाळ. ठिकाण नीट सांगितलं नाही तर ती शोधणार कुठे?
देवळाच्या पायरीवर वेणूबाईला विचारलं, माझं गाऱ्हाणं कानावर पडतं का. ती हसली. लाजलीसुद्धा नाही. "ऐकतंय की. तुमी देवीला सांगताय, भाऊजी. देवी आमचीपण हाय."

२४ नोव्हेंबर
गाऱ्हाणं मनातल्या मनात घातलं की गळती बंद. चूक कोणाची हे कोणाला कळायचं नाही, दिपेशलाही नाही. मॅडम याला उपाय म्हणतील.
प्रज्योतला तीन बोटींनी परत पाठवलंय. जागा फोडणारा खलाशी कोण घेणार?

२५ नोव्हेंबर, मंगळवार
आरतीला देऊळ भरलेलं. दिपेश होता, प्रज्योतची आई मागे भिंतीला टेकून. उद्याची जागा सांगितली नाही. बाकी गाऱ्हाणं रोजच्यापेक्षा मोठ्याने घातलं — आई, प्रज्योतने काही केलं नाही. जागा मी फोडली, इथेच, तुझ्यासमोर उभा राहून.