डबे-आठवडा

सोमवार, ४ मार्च

प्रिय घाईबाई,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील असं धरून चालते. माझं म्हणशील तर गुडघे सोडून बाकी सगळं जागेवर आहे.

मायन्यापाशीच अडले बघ. ‘सौ.’ लिहिता येत नाही, आणि कागदोपत्री तू आता माझी सूनही नाहीस. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर बसून लोकांचे चुकलेले पत्ते दुरुस्त केले, आणि आज स्वतःच्या पत्राचा मायना जमेना! शेवटी तुझं टोपणनाव घातलं. तू चालायचीस कमी आणि पळायचीस जास्त, म्हणून मीच ठेवलेलं. आवडत नसेल तर खोडून पुढे वाच.

थंडी एकदाची गेली. काल सगळ्या खिडक्या उघडल्या, रजया उन्हात टाकल्या आणि आजपासून डबे-आठवडा सुरू केला. चार वर्षांनी! माझ्या आईची पद्धत, तशीच्या तशी. सात दिवस दुधाशिवाय बाजारातून काही आणायचं नाही. डब्यांच्या तळाशी जे सापडेल ते शिजवायचं. डबा रिकामा झाला की धुऊन खिडकीत उपडा घालायचा. मग रविवारी ताजी, कोवळी भाजी आणून चार माणसांना जेवायला बोलवायचं. हे मी तुला कशाला शिकवतेय? तू तर त्याचा तक्ता करून फ्रिजवर लावायचीस, आणि मी एखादा डबा चोरून भरला की माझ्या नावापुढे फुली मारायचीस.

तू गेल्यावर केलाच नाही. जुन्या फळीवर डबे समोर दिसायचे. या नव्या स्वयंपाकघरात सगळे दारांआड गेले, त्यामुळे असलेलंच पुन्हा आणत राहिले. आज उपसलं तर काय काय निघालं! मॅकरोनीच्या चार पुड्या. मुदत संपून तीन वर्षं झालेलं कॉर्नफ्लॉवर. तांदळात जाळी. आणि मागच्या कोपऱ्यात तुझ्या यीस्टची डबी, दगडासारखी झालेली. ती टाकून दिली.

दुपारी तीन डाळींचा उरलासुरला माल एकत्र शिजवून सूप केलं. लसूण फार पडला. पण घरात मी एकटीच, तोंड वाकडं करणार कोण?

कागदांचा खणही बाहेर काढलाय. बंद पडलेल्या पॉलिसी, कधीच्या काळच्या पावत्या, बँकेची न उघडलेली पाकिटं. या वेळी घर, डोकं आणि पैसे, तिन्ही एकदम घासून काढायचं ठरवलंय. अर्धं काम करून मधेच चहा प्यायला बसायचं नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. तू घर सोडलंस त्या दिवशी मोठे दीर, जाऊबाई आणि माझी नणंद बाहेरच्या खोलीत बसले होते. तू दातांच्या दवाखान्यात सहा वर्षं नोकरी करून ओव्हनसाठी, तुझ्या पावाच्या दुकानासाठी पैसे साठवले होतेस, आणि ते तुमच्या दोघांच्या खात्यातून नाहीसे झाले होते. तू विचारत होतीस. आमचे चिरंजीव म्हणाले, “तिनेच भावाच्या दुकानाला दिले.” तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, “हो, माझ्याही कानावर आलं होतं.”

तेव्हा मला जेवढं ठाऊक होतं तेवढं मी बोलले. माणसाची चूक होते. ती तुला लिहून कळवावी असं वाटलं.

तब्येतीला जप.

तुझी माजी सासू


गुरुवार, ७ मार्च

प्रिय घाईबाई,

आशीर्वाद. सोमवारचं पत्र मिळालं असेल, निदान पाकिटावरचं अक्षर तरी ओळखलं असशील. उत्तराची वाट पाहत नाही, तेव्हा त्याची घाई करू नकोस. तुला ‘घाई करू नकोस’ म्हणणारी मी! ऐकलंस का कधी?

खिडकीत अकरा डबे उपडे पडलेत. काल मॅकरोनी संपली, आज शेवटचे बटाटे ओव्हनमध्ये भाजले. हो, ओव्हन. या स्वयंपाकघरात एक आहे, भिंतीत बसवलेला. चार वर्षांत मी त्यात फक्त तवे आणि झाकणं ठेवली.

त्यावरूनच लिहायचं आहे. सोमवारी ‘माणसाची चूक होते’ असं लिहून मी मोकळी झाले आणि रात्री स्वतःचीच चीड आली. पोस्टात एखादं गिऱ्हाईक असं गोलगोल बोलायला लागलं की मी सरळ म्हणायचे, “साहेब, काय पाठवायचंय ते बोला, मागे रांग आहे.”

तर बोलते. तुझे पैसे तुझ्या भावाकडे कधीच गेले नाहीत. ते माझ्या स्वयंपाकघरात आले. आपोआप मिटणारे ड्रॉवर, काळा दगडी ओटा, धूर ओढणारी चिमणी, हा ओव्हन, सगळं तुझं आहे. मी निवृत्त झाले तेव्हा तुझ्या नवऱ्याने सगळ्यांसमोर फुशारकी मारली होती, आठवतं? “आईला बोनसमधून नवं किचन!” बोनस मिळालाच नाही. तोवर सुतार येऊन मापं घेऊन गेला होता. मग त्याने कपाळाला हात लावायच्या ऐवजी तुझ्या पैशांना हात लावला.

हे मला नंतर सुताराकडून कळलं. शेवटचं दार बसवायला आला होता. म्हणाला, “साहेबांनी वहिनींच्या दुकानाचे पैसे इकडे वळवलेत, पण तुम्ही वहिनींना बोलू नका हं.” त्याला वाटलं, मला ठाऊकच आहे.

मी त्याला काय म्हटलं असेल? मी म्हटलं, “हे तिसरं दार जरा वाकडं बसलंय.” त्याने स्क्रू पिळून सरळ केलं. मी त्याला चहा दिला. बस, एवढंच झालं.

आज तेच दार पुसताना हात थांबला. फडकं टाकलं आणि फोन उचलला. मोठे दीर, जाऊबाई, नणंद आणि आमचे दिवटे चिरंजीव, चौघांनाही रविवारी जेवायला बोलावलंय. ज्यांच्यासमोर तुझं नाव घालवलं त्यांच्यासमोरच ते परत आणायचं. चिरंजीव म्हणाले, “काय विशेष, आई?” मी म्हटलं, “विशेष काही नाही, ताजे मटार आहेत.”

भीती वाटते का, विचारशील तर वाटते. पंधरा दिवसांनी एकदा का होईना, तो येतो. गॅसचा नळ बघतो, माझ्या गोळ्या आणून देतो, फोनवर काय दाबायचं ते पुन्हा पुन्हा सांगतो. रविवारनंतर तो उंबऱ्यातही आला नाही तर माझ्या दारावरची बेल वाजवणारा फक्त गॅसवाला उरेल. चार वर्षं याच एका भीतीने तोंड शिवून बसले. पण आता ठरवलंय ते ठरवलंय. रविवारी मी बोलणार. पुन्हा मटाराच्या शेंगांवर बोलणं नेलं तर नाव लावणार नाही.

तुझी सासू
(माजी वगैरे तू ठरव.)


रविवार, १० मार्च

प्रिय घाईबाई,

आशीर्वाद. दुपारचे साडेतीन वाजलेत. भांडी तशीच पडलीत, मी हात पुसून आधी लिहायला बसले. तुझ्या भावाने एव्हाना तुला फोन केला असेलच. तरी माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याजवळ असायला हवं.

सकाळी सातलाच बाजारात गेले. सबंध आठवडा डब्यांच्या तळाचं खाल्ल्यावर हिरवी भाजी बघून लहान मुलीसारखी हरखले. कोवळे मटार, पातीचे कांदे, पुदिना, पालक, बोटाएवढी गाजरं. मटार-पुदिन्याचं सूप केलं, गाजरं लोण्यात परतली, लिंबू पिळून पातीचा भात केला. मटार सोलताना मनात वाक्यं जुळवत होते. एकही कामाला आलं नाही.

सूप पिऊन झालं, मी भात वाढायला घेतला. नणंद म्हणाली, “वहिनी, तुझं हे किचन बघितलं की मला माझ्या घरी जावंसंच वाटत नाही.” दरवेळी म्हणते ती. एरवी मी हसून तिला वाढत असे. आज डाव खाली ठेवला आणि म्हटलं, “हे किचन सुनेच्या पैशाचं आहे. तिच्या दुकानासाठी साठवलेले पैसे यात गेले. तिच्या भावाने छदामही घेतला नाही. याने घेतले, आणि मला माहीत असूनही मी तुमच्यासमोर खोटं बोलले.”

गुरुवारी मी तुला ‘नंतर कळलं’ असं लिहिलं. तो ‘नंतर’ खोटा आहे. सुतार आला तो त्या बैठकीच्या बारा दिवस आधी. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. तू मदत मागत होतीस, हेही कळत होतं. तरी मी ते बोलले. मुलाची लाज झाकायला बोलले असं म्हणू शकते, आणि ते खरंही आहे. पण सगळं खरं सांगायचं तर मला ते स्वयंपाकघर फार आवडलं होतं. आयुष्यभर रॉकेलच्या वासात आणि तिरक्या फळ्यांवर स्वयंपाक केला होता मी. पहिल्यांदा काहीतरी छान माझं झालं होतं. ते जाईल म्हणून तुला जाऊ दिलं. लाज वाटते लिहिताना. वाटू दे.

त्यानंतर तू आमच्या सगळ्यांच्या चहाच्या कपबशा विसळल्यास, पालथ्या घातल्यास, आणि मग बॅग भरलीस. मी याच ओट्याला टेकून बघत होते.

चिरंजीव लालबुंद झाले. “आई, हे चारचौघांत बोलायचं असतं का?”

“चारचौघांतच खोटं बोललो होतो आपण.”

“आणि तू? तू चार वर्षं यातच स्वयंपाक करतेस ना!”

“करते. म्हणून पैसे मी भरणार आहे. तुझा वाटा तू मला दे नाहीतर देऊ नकोस, ते आपण दोघं बघू. ती तुझ्यासाठी थांबणार नाही.”

तो उठून गॅलरीत गेला. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या शांतपणे ताटातलं गाजर चमच्याने कापत होत्या. म्हणाल्या, “आम्हाला अंदाज होताच.” मी विचारलं, “मग बोलला का नाहीत?” तर म्हणतात, “तू तिची सासू. तूच बोलली नाहीस, आम्ही कोण मध्ये पडणार?” बघ आता! म्हणजे त्या खोलीत खोटं कुणाला पटलंच नव्हतं. माझ्या एका शब्दावर अडलं होतं. मी एकटी बोलले असते तरी चाललं असतं. हे कळल्यापासून छातीत जे दुखतंय त्याला गुडघ्याचं मलम चालत नाही.

मोठे दीर म्हणाले, “झालं गेलं. तिच्या भावाला करतो उद्या एक फोन.” त्यांनीच ती गोष्ट सगळ्या नात्यात पोचवली होती, दुकानाच्या नावासकट. मी त्यांचं ताट उचलून माझ्याजवळ ठेवलं. “भाऊजी, आत्ता. भात गरम राहील, काळजी करू नका.” उभ्या जन्मात मी त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. त्यांनी फोन लावला. आधी घसा खाकरला, मग हवापाणी विचारलं. मी ताट हलवलं तेव्हा कुठे माफी मागितली. तुझा भाऊ काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. दीर मात्र बराच वेळ नुसतं “बरोबर आहे, बरोबर आहे” म्हणत होते. मग ताट परत दिलं.

चिरंजीव गॅलरीतून आले, चपला घालून गेले. दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं. त्याचा मला जास्त त्रास झाला. पुन्हा येईल की नाही, माहीत नाही. मी फोन करून बोलावणार नाही. रडून घेतलं थोडं, आता ठीक आहे.

सोबत चेक आहे. माझी निवृत्तीची ठेव शुक्रवारी मोडली. बँकेतली पोरगी म्हणाली, “आजी, मुदतीआधी मोडलीत तर नुकसान होईल.” मी म्हटलं, “बाई, चार वर्षं उशीर झालाय.” तुझे होते तितके पैसे, आणि वर पोस्टाच्या दराने व्याज. दर तुला कमी वाटेल, पण मला दुसरा हिशेब येत नाही. माझं पेन्शन चालू आहे, खायला कमी पडणार नाही, तेव्हा दया दाखवून परत पाठवू नकोस. ओव्हन घे, दुकान घे, नाहीतर लांबच्या सहलीला जा. त्यात माझी पसंती विचारू नकोस.

ही माफी मिळवायची किंमत नाही. राग तुझा आहे, हवा तितका ठेव. मी तुझ्या दारात येणार नाही, आणि तू यावंस म्हणून तब्येतीची कुरकूरही लिहिणार नाही. फक्त चेक पडून राहू देऊ नकोस, खात्यात भर.

आणि उत्तर लिहायला बसू नकोस. चेक वटला की बँकेचा मेसेज माझ्या फोनवर येतो. तो आला की तू खुशाल आहेस असं मी समजेन. त्याहून जास्त विचारायचा हक्क मला नाही.

तुझ्याबद्दल खोटं बोललेली,
तुझी सासू